मताचा हक्क तोफांनी दिला नाही

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं: माणसं मेली, साम्राज्यं कोसळली, पण युरोपातल्या बायकांचं भलं झालं, त्या कारखान्यांत राबल्या आणि बक्षीस म्हणून त्यांना मताधिकार मिळाला. हे विधान चुकीचं आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे. दोन पिढ्या झगडलेल्या स्त्रियांचं श्रेय ते कत्तलीच्या पदरात टाकतं.

आधी सनावळी पाहू. फिनलंडच्या स्त्रियांना मत मिळालं १९०६ मध्ये, नॉर्वेत १९१३ मध्ये. तेव्हा युद्ध कुठे होतं? डेन्मार्कने १९१५ मध्ये दिलं, पण तो देश तटस्थ होता. उलट फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मेले, लाखो बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत खपल्या, आणि मताधिकार आला १९४४ मध्ये. बेल्जियमने १९१९ मध्ये संसदेचं मत दिलं ते मुख्यतः मारल्या गेलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि मातांना. ते मत बाईचं नव्हतंच, मेलेल्या पुरुषाचं होतं.

ब्रिटनचा दाखला सर्वांत जास्त दिला जातो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. १९१८ च्या कायद्याने मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांना मात्र एकविसाव्या वर्षी. टीएनटी हे स्फोटक हाताळून जिची कातडी पिवळी पडली, ती कारखान्यातली तरुण पोरगी बहुधा या अटींतच अडकली. बक्षीस असतं तर पहिलं तिला मिळायला हवं होतं. तिला थांबावं लागलं १९२८ पर्यंत.

युद्धाने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. आघाडीवर गेलेल्या सैनिकांची नावं रहिवासाच्या अटीमुळे मतदारयादीतून गळू लागली, म्हणून ब्रिटिश संसदेला कायद्याला हात घालावाच लागला. पण त्या क्षणी स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी मिलिसेंट फॉसेट यांची संघटना मागणी घेऊन तयार होती, आणि मागणी जुनी होती: जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांचा अर्ज संसदेत मांडला तो १८६६ मध्ये. रशियातही हेच दिसतं. मार्च १९१७ मध्ये पेत्रोग्रादच्या कामगार स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि झारशाही कोसळली. तरी नवं सरकार स्त्रियांच्या मताबद्दल गप्प राहिलं, तेव्हा हजारो जणींनी पुन्हा मोर्चा काढून ते कबूल करून घेतलं.

फ्रान्समध्ये तर युद्धाने हक्क लांबवला. ५ जुलै १९१४ रोजी पॅरिसमध्ये हजारो जणी मताच्या मागणीसाठी एकत्र आल्या होत्या. महिना उलटायच्या आत युद्ध सुरू झालं आणि चळवळ थंडावली. १९१९ मध्ये कनिष्ठ सभागृहाने दिलेली मान्यता सिनेटने १९२२ मध्ये धुडकावली.

इतिहास शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘महायुद्धामुळे स्त्रियांना मताधिकार मिळाला’ हे उत्तर यापुढे बरोबर धरू नका.