मासा द्या, काटा मात्र नको!

आयांनो, आज्यांनो, बाबांनो, जरा ऐका.

किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत काट्याच्या धास्तीने बाळाला मासाच देत नाहीत. काही घरांत गप्पांच्या नादात कालवणातला तुकडा थेट त्याच्या तोंडात जातो. दोन्हीकडे नुकसान बाळाचंच.

पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो. त्याला लागणारी प्रथिनं, आयोडीन, ओमेगा-३ मेदाम्लं माशात आहेत. म्हणून सहा महिने पूर्ण होऊन वरचं अन्न सुरू झालं, की मासाही द्या. मुडदुशी द्या, पापलेट द्या. तिखट-मीठ घालू नका. आधी एकच चमचा द्या. पुढचे दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नका.

काटा डोळ्यांना चकवतो, बोटांना सापडतो. मासा नीट शिजवा, कुस्करा आणि भातात कालवण्याआधी चिमटीत धरून चाचपा. एकदा नाही, दोनदा चाचपा. बाळाला ताठ बसवा. भरवताना मोबाइल दूर ठेवा.

धोका बाजारातूनही येतो. उन्हात राहिलेल्या बांगड्यात तयार झालेलं विष उकळूनही जात नाही. लाल कल्ल्यांचा, बर्फावरचा मासाच घ्या आणि थेट घर गाठा. वास आला तर टाकून द्या. पैशांकडे बघू नका. मोरी आणि मोठी सुरमई बाळाला नकोच, त्यांत पारा साठतो. खारवलेलं सुकं वर्षाच्या आत देऊ नका.

आणि घास अडकलाच तर? बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटेना, श्वास घेता येईना, तर क्षणही दवडू नका. कुणाला तरी १०८ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा. पाठीवर तळहाताने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाचदा दाबा. घास निघेपर्यंत आलटून पालटून करत राहा. बाळ निपचित पडलं तर छाती दाबत राहा, १०८वरून सांगतील तसं करा. घशात चाचपडत बोट घालू नका. काटा रुतला तर भाताचा गोळा गिळायला लावू नका, डॉक्टरांकडे न्या. मासा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर तडक दवाखाना गाठा.

बाळावर तुमचा जीव आहे. मग आजच बोला. आजीला, मावशीला, पाळणाघरातल्या ताईंना, बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. पाठीवरच्या थापा कशा मारायच्या, ते जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून शिका. पुढचा घास भरवण्याआधी शिका!