कुलूप लॉजचे, प्रश्न सर्वांचा

फ्रीमेसनांच्या लॉजवर बंदी आली तर समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत, असा प्रश्न डाव्या वर्तुळांत मोठ्या तोऱ्याने विचारला जातो. लॉज म्हणजे वकील, व्यापारी आणि बडे अधिकारी यांचा बंद दाराआडचा मेळा. गूढ विधींच्या आडोशाने तेथे प्रतिष्ठितांचे परस्परहित जपले जाते, हा आक्षेप निराधार नाही. कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या चौथ्या अधिवेशनाने १९२२ साली आपल्या सभासदांना लॉज सोडण्यास फर्मावले, ते याच भूमिकेतून. परंतु आक्षेप खरा असला म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. तो किती घातक आहे, हे हॉलंडमधील एका लॉजप्रमुखाच्या अखेरच्या वर्षावरून दिसते.

हर्मानस फान टोंगेरेन हे निवृत्त जनरल. डच ईस्ट इंडीजच्या वसाहती सैन्यात त्यांनी अधिकारपद भूषविले. पुढे ते डच फ्रीमेसनांचे ग्रँडमास्टर झाले. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी हॉलंड व्यापले. जुलैमध्ये जर्मन सत्तेने समाजवादी पक्षावर आणि त्या विचाराच्या कामगार संघटनेवर आपले हस्तक बसविले. सप्टेंबरमध्ये लॉज विसर्जित करण्यात आल्या, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि क्लोस संग्रहासारखा दुर्मीळ ग्रंथठेवा जर्मनीस नेण्यात आला. ऑक्टोबरमध्ये फान टोंगेरेन यांना अटक झाली. २९ मार्च १९४१ रोजी बर्लिननजीकच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीत त्यांचा अंत झाला.

हा क्रम डोळसपणे पाहावयास हवा. आधी कामगार संघटना, मग लॉज. मध्ये अवघे दोन महिने. स्पेनमध्ये तर फ्रँकोने १ मार्च १९४० च्या एकाच कायद्याने फ्रीमेसन आणि कम्युनिस्ट यांना एका दाव्याला बांधले. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहू नये, त्यांना एकाच कोठडीत कोंबणाऱ्या या न्यायाचे मर्म कोणते? हुकूमशाहीला संघटनेच्या उद्दिष्टापेक्षा तिच्या स्वायत्ततेचे भय अधिक वाटते. स्वतःची वर्गणी जमविणारी, स्वतःचा अध्यक्ष निवडणारी आणि सत्तेला न विचारता सभा भरविणारी कोणतीही संस्था तिला खुपते. शिवाय ज्यू आणि मेसन यांच्या गुप्त कारस्थानाचा बागुलबुवा उभा केला की बेकारीचे आणि दारिद्र्याचे खापर त्यांच्या माथी फोडता येते, आणि युद्धसामग्रीवर गब्बर होणारे कारखानदार सुखरूप राहतात. या प्रचाराचे अर्थशास्त्र ज्याला उमगत नाही, त्याने वर्गविश्लेषणाची भाषा बोलू नये.

फान टोंगेरेन वसाहती सैन्याचे जनरल होते, तेव्हा त्यांच्याविषयी कळवळा कशाला, असा पुढचा सवाल येईल. त्या सैन्याच्या बळावर चालणाऱ्या राजवटीने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी १९२७ पासून बोव्हेन डिगूलची बंदीवसाहत चालविली आणि मोहम्मद हट्टा यांना १९३५ साली तेथे धाडले, हे विसरता येत नाही. पण मग विलेम ड्रेस यांचे काय? ते जातिवंत समाजवादी; १९४० ते १९४१ असे वर्षभर बुखेनवाल्डमध्ये ओलीस होते. तेच ड्रेस पंतप्रधान असताना डिसेंबर १९४८ मध्ये डच फौजा स्वतंत्र इंडोनेशियावर पुन्हा तुटून पडल्या. स्वातंत्र्य आधी आपल्या माणसांचे आणि मग इतरांचे, असा हिशेब एकदा मांडला की समाजवादीही वसाहतवाद्यांच्या पंगतीला जाऊन बसतो.

याउलट उदाहरण ॲमस्टरडॅमच्या कामगारांचे. भूमिगत कम्युनिस्टांच्या हाकेसरशी २५ फेब्रुवारी १९४१ रोजी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध त्यांनी संप पुकारला. पकडलेल्यांत दुकानदार किती आणि मजूर किती, याची मोजदाद करीत ते बसले नाहीत. आणि ज्या जनरलांच्या घराला भांडवली म्हणून हिणवावे, त्याच घरातील याकोबा या कन्येने 'ग्रूप २०००' हे भूमिगत पथक उभारून लपलेल्या माणसांच्या शिधापत्रिकांची सोय लावली.

लॉजच्या विधींवर, तिच्या बंद दारांवर आणि तिच्या प्रतिष्ठितपणावर समाजवाद्यांनी खुशाल टीका करावी. ते त्यांचे कर्तव्यच आहे. मात्र ती टीका आणि बंदीचा हुकूम यांत गल्लत होता कामा नये. लॉजला कुलूप ठोकणारा हात हॉलंडमध्ये कामगार संघटनेच्या दारावरूनच आला होता.