ऋणसंख्येचा वारसा आणि सहावीचा वर्ग

भारताने जगाला शून्य दिले, हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानमालांतून, स्मरणिकांतून आणि शाळांच्या भिंतींवरून वर्षानुवर्षे ऐकू येते. अभिमान वाटावा असेच ते आहे. परंतु त्याच शाळेच्या सहावीच्या वर्गात जाऊन 'उणे तीनमधून उणे पाच वजा केल्यास काय उरेल आणि का?' असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले उत्तर देण्याआधी एक मंत्र आठवू लागतात : 'मायनस मायनस प्लस'. उत्तर बरोबर येते, मात्र 'का' हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. पूर्वजांच्या एका असामान्य शोधाची वर्गात ही गत होत असेल, तर त्याचा विचार गणिताच्या शिक्षकांइतकाच पालकांनी आणि समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही करायला हवा.

प्रश्न किरकोळ नाही. 'असर' या पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटातल्या जेमतेम ४३ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. अंकगणिताचा पायाच असा डळमळीत असताना त्यावर बीजगणिताचा इमला उभा राहायचा आहे. अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाणारा पूल म्हणजे पूर्णांक संख्या. मोजण्याच्या संख्या, त्यांच्या विरुद्ध असलेल्या ऋण संख्या आणि मध्ये शून्य, असे हे कुटुंब आहे. या पुलावर पाय अडखळला की पुढे समीकरण, आलेख, भौतिकशास्त्र असे सारेच अवघड होत जाते. 'आमच्या मुलाला गणित जमत नाही' हा घरोघरी ऐकू येणारा निष्कर्ष पुष्कळदा याच टप्प्यावर जन्माला येतो.

धन, ऋण आणि शून्य

या संख्यांचा इतिहास पाहू. भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ, येथील ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्यातील कुट्टकाध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकाराचे नियम सुव्यवस्थितपणे दिले आहेत. दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांतील अंतर, समान धन-ऋणांची बेरीज शून्य, दोन ऋणांचा गुणाकार धन. आज सहावी-सातवीत शिकवतात ते हेच नियम आहेत. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, हे ब्रह्मगुप्ताचे विधान मात्र आजचे गणित स्वीकारत नाही. चीनमध्ये ऋण संख्यांचा वापर याहूनही जुना आहे. तिथे धन संख्यांसाठी तांबड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या वापरत. या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्याने आपला वारसा उणा होत नाही, उलट त्याची विश्वासार्हता वाढते.

ब्रह्मगुप्ताचे वैशिष्ट्य त्याच्या शब्दांतही आहे. धन म्हणजे आपल्याजवळ असलेले द्रव्य आणि ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, नोकरदाराच्या घरात रोज वावरतात. 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हे शब्द दहा वर्षांच्या मराठी मुलाला काहीच सांगत नाहीत. 'ऋण' हा शब्द मात्र उच्चारताक्षणी अर्थ घेऊन येतो. आपल्या बोलीतील 'उणे' हाही तसाच. इंग्रजी किंवा सेमी इंग्रजी माध्यमात मुलांना घालणाऱ्या पालकांनी परिभाषेच्या वादात न शिरता एवढेच करावे : घरी शिकवताना हे दोन शब्द वापरून पाहावेत.

ऋण संख्या सहज पचणारी नव्हती, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांच्या टोळीचे एक उदाहरण आहे. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तर तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते. तर एकूण किती? गणिताने दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. लोकांची अशा ऋण राशीवर प्रतीती बसत नाही, म्हणून भास्कराचार्य ते उत्तर बाजूला ठेवतात. युरोपात तर हा संकोच फार काळ टिकला. रेने देकार्तने १६३७ साली समीकरणांच्या ऋण उत्तरांना 'खोटी' उत्तरे म्हटले. १७५८ साली फ्रान्सिस मॅसेरेस या इंग्रज गणितज्ञाने ऋण संख्यांच्या वापराला विरोध करणारा ग्रंथच लिहिला. थोरामोठ्यांना शतकानुशतके जी कल्पना अवघड वाटली, ती सहावीतील मुलाने दोन तासिकांत आत्मसात करावी आणि तिसऱ्या तासाला चाचणी द्यावी, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

मोठे कर्ज, लहान संख्या

मुलांचा खरा घोटाळा कुठे होतो? उणे ५०० आणि उणे ३०० यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की मूल 'उणे ५००' म्हणते. त्यामागे एक तर्क आहे, तो हेटाळण्याजोगा नाही. पाचशेचे कर्ज तीनशेच्या कर्जापेक्षा मोठे असतेच. शिक्षकांनी इथे थांबून दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. 'कोणाची स्थिती बरी?' हा एक प्रश्न. त्याचे उत्तर, तीनशेचे कर्ज असणाऱ्याची. म्हणून उणे ३०० ही संख्या मोठी. 'कोणाच्या कर्जाची रक्कम अधिक?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर ५००. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला गणितात केवलमूल्य म्हणतात. शून्यापासून संख्या किती अंतरावर आहे, एवढेच ते सांगते. कोणत्या बाजूला आहे, ते सांगत नाही. म्हणूनच ते कधी ऋण नसते. संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढण्याची आजची खूण जर्मन गणितज्ञ वायरस्ट्रास याने १८४१ साली वापरली.

भूगोलातही हेच दिसते. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. केरळच्या कुट्टनाडमधील भातशेती समुद्रसपाटीखाली होते. द्रासला हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. विषुववृत्त शून्य मानून उत्तर आणि दक्षिण अक्षांश मोजतात. प्रत्येक ठिकाणी एक शून्य, दोन दिशा आणि एक अंतर. दिशा चिन्हाने कळते आणि अंतर केवलमूल्याने. एवढे समजले की अर्धे काम झाले.

गुणाकाराचा मंत्रही असाच उलगडता येतो. पाच रुपयांची तीन कर्जे असतील तर स्थिती उणे १५. सावकाराने ती तिन्ही कर्जे माफ केली, म्हणजे तीन वेळा 'उणे पाच' काढून घेतले, तर स्थिती १५ रुपयांनी सुधारली. किंवा फळ्यावर एक क्रम लिहावा : तीन गुणिले उणे पाच म्हणजे उणे १५, दोन गुणिले उणे पाच म्हणजे उणे १०, मग उणे ५, मग शून्य. उत्तर प्रत्येक पायरीला पाचाने वाढते आहे. पुढची पायरी उणे एक गुणिले उणे पाच. तिचे उत्तर अधिक पाचच यायला हवे. मुले ते स्वतः सांगतात. स्वतः शोधलेला नियम विसरला, तरी पुन्हा शोधता येतो. पाठ केलेला नियम विसरला की हाती काही उरत नाही.

तीन कल्पना, एक तळपाट

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या २०१६ साली आलेल्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या होत्या. केवलमूल्य आणि निर्देशक भूमिती मात्र २०१७ च्या नववीच्या पुस्तकांत. म्हणजे एकाच कल्पनेच्या अवयवांत तीन वर्षांचे अंतर. अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रमात पाचवीला धन संख्यांचा आलेख, आणि सहावीला ऋण संख्या, केवलमूल्य व चारही चरणांचा आलेख एकत्र येतो. परदेशात आहे म्हणून आपण घ्यावे, असे नव्हे. मात्र ती मांडणी तर्काला धरून आहे, हे मान्य करावे लागेल.

तर्क साधा आहे. संख्यारेषा आडवी ठेवली, तिच्या शून्यातून दुसरी उभी रेषा काढली की प्रतल तयार झाले. आडव्या रेषेवर उणे दोन, उभ्या रेषेवर तीन, असा एक बिंदू घ्या. दुसरा बिंदू चार आणि तीन या निर्देशकांचा. दोघांतले अंतर किती? चौकटी मोजल्या तर सहा. आता वजाबाकी करा : चारातून उणे दोन वजा केल्यास सहा, उलट क्रमाने केल्यास उणे सहा. अंतर तर दोन्हीकडून सारखेच; म्हणून केवलमूल्य घ्यायचे. एका उदाहरणात पूर्णांक, केवलमूल्य आणि निर्देशक या तिन्ही कल्पना एकमेकींना अर्थ देतात. वेगवेगळ्या इयत्तांत विखुरल्या की त्या केवळ नियमांच्या याद्या होतात.

या मांडणीची बीजे आपल्याच परंपरेत सापडतात. 'लीलावती'त एक त्रिकोण आहे : पाया नऊ, इतर भुजा दहा आणि सतरा. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन भाग किती होतील? गणिताने एक भाग १५ येतो आणि दुसरा उणे सहा. भास्कराचार्य हे उत्तर टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे विरुद्ध दिशेला, असा अर्थ ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला सहा अंतरावर पडतो. पडताळून पाहावे : लंब आठ येतो, आणि दोन्ही काटकोन त्रिकोण बिनचूक जुळतात. वानरांच्या उदाहरणात जी ऋण राशी लोकांना पटणार नाही म्हणून सोडली, तिला रेषेवर येताच अर्थ मिळाला. आलेखाचे महत्त्व याहून चांगले कसे समजवावे? निर्देशक भूमिती ही रीत म्हणून देकार्त आणि फर्मा यांचीच, आणि अक्ष दोन्ही दिशांना मोकळे वाढवण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. ते श्रेय त्यांना द्यावे, आणि हा त्रिकोण आपल्या मुलांना दाखवावा.

लवकर शिकवल्याने ओझे वाढेल, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. आधीच फुगलेल्या अभ्यासक्रमात आणखी एक धडा कोंबला, तर ओझे निश्चित वाढेल. परंतु येथे भर घालण्याची मागणी नाही, जोडणी बदलण्याची आहे. खूण, व्याख्या, सूत्रे नववीलाच राहू द्यावीत. सहावीत कल्पना द्यावी. त्यासाठी खर्चही नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन रेषा आखाव्यात, मध्यभागी शून्य, आणि मुलांना निर्देशक सांगून उभे करावे. पाय ज्या चौकटीत पडले ती विसरत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना तर हे परिचित असते. पटावरील ६४ घरांपैकी प्रत्येकाला एक अक्षर आणि एक अंक अशीच ओळख असते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून घरोघरी पट निघाले आहेत. त्याच पटावर निर्देशकांचा पहिला पाठ देता येईल.

ही वेळही योग्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. केंद्राच्या २०२४ सालच्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकात वरखाली मजले असलेल्या इमारतीच्या लिफ्टमधून ऋण संख्यांची ओळख करून दिली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पुस्तक चांगले झाले तरी शिक्षकाला 'का' सांगता आले पाहिजे, यासाठी प्रशिक्षणात केवळ नियम नव्हे तर त्यांची कारणमीमांसा यायला हवी.

पालकांनी गुणपत्रिकेच्या पलीकडे जाऊन आठवड्यातून एकदा मुलाला 'हे असे का?' एवढे विचारावे. वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांनी गृहपाठ उतरवून घेण्याऐवजी एक संध्याकाळ मैदानावरील त्या दोन रेषांना द्यावी. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. आजोबांचे ग्रंथ नातवाने जपून ठेवले आणि ते शिकवले जावेत याची व्यवस्थाही केली. वारसा चालवणे म्हणजे हेच, आणि सहावीच्या वर्गात ते आजही करता येण्यासारखे आहे.