‘स्पॉइल’ म्हणजे केवळ ‘बिघडविणें’ नव्हे

‘स्पॉइल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला, कीं आपला विद्यार्थी ‘बिघडविणें’ असें सांगून मोकळा होतो. उत्तर खोटें नाहीं, अर्धवट आहे. आणि अर्धवट उत्तराचा मोठा दोष हा, कीं तें पुढें विचारच करूं देत नाहीं.

या शब्दाचें मूळ लॅटिन ‘स्पोलियम’. जनावराचें सोलून काढलेलें कातडें आणि पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरविलेलें चिलखत, हे त्याचे अर्थ. शत्रूच्या सेनापतीस स्वहस्तें मारून त्याचें चिलखत ज्यूपिटरला अर्पण करणें हा रोमन सेनापतीचा परम गौरव समजला जाई. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजींत आला, तो नागविणें, लुटणें हाच अर्थ घेऊन. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत इस्रायली लोक मिसर देश सोडतांना तेथील लोकांचें सोनें-रुपें व वस्त्रें घेऊन जातात, त्या ठिकाणीं हेंच क्रियापद आलें आहे. तेथें ‘बिघडविलें’ असा अर्थ लावणाऱ्यास काय बोध व्हावा?

लुटलेलें तें उद्ध्वस्त होतें. म्हणून पुढें ‘नासविणें’ हा अर्थ आला, आणि सतराव्या शतकांत अतिलाडानें मूल बिघडविणें हाही. यावर कोणी व्युत्पत्तिप्रेमी म्हणतील, ‘मूळ अर्थ तोच खरा, बाकीचे भ्रष्ट.’ हेंही मला मान्य नाहीं. नातवाचे लाड करणारी आजी कांहीं दरोडेखोर ठरत नाहीं! शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेवरून नव्हे, वापरावरून ठरतो. मात्र जुना अर्थ मेला असेंही नव्हे. १८३२ साली अमेरिकन सिनेटर विल्यम मार्सी यांनीं शत्रूची लूट विजेत्याचीच, अशा आशयाचें विधान केलें. निवडणूक जिंकून आपल्या अनुयायांस सरकारी नोकऱ्या वाटण्याच्या पद्धतीला याच शब्दावरून नांव मिळालें. तिला आळा घालणारा पेंडल्टन कायदा १८८३ साली झाला.

दोष विद्यार्थ्याचा नाहीं. एका शब्दास एकच प्रतिशब्द पाठ करून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे. मराठींत दूध नासतें, यंत्र बिघडतें, बेत फिसकटतो, मूल शेफारतें, आणि गांव नागविलें जातें. इतकी श्रीमंती घरांत असतां या सर्वांना ‘बिघडविणें’ या एकाच दावणीला बांधणें म्हणजे इंग्रजी शिकविण्याच्या नांवाखालीं मराठीला नागविणें होय. ‘स्पॉइल’चा मूळ अर्थ आम्हीं असा आचरणांत तरी आणूं नये.