माया करा, पण लांबून!

काशीदच्या बीचवर कुत्र्याला दगड मारणारा माणूस वाईट, हे सांगायला लेख लागत नाही. माझी तक्रार प्रेमळ मंडळींबद्दल आहे. होडीच्या आडोशाला शेपूट पायात घालून बसलेलं कुत्रं दिसलं की "अरे ये ना, घाबरतोस काय!" म्हणत त्याच्या अंगावर जाणारे, डोक्यावर हात ठेवणारे आणि वर फोटो काढणारे. यात आपल्या कॉलेजची पब्लिकही आली.

जरा त्या कुत्र्याच्या बाजूने बघा. कुणीतरी अनोळखी सरळ चालत येतोय, डोळ्यात डोळे घालतोय, वरून वाकतोय. कुत्र्यांच्या भाषेत ही धमकीच झाली. ते ओठ चाटतं, जांभई देतं, मान फिरवतं, म्हणजे "लांब राहा" म्हणतं. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला झोप आलीय! मग ते एकदम ताठ, स्तब्ध होतं आणि पुढच्या क्षणी चावतं. की झाली बोंब, पिसाळलंय म्हणून.

आपल्या किनाऱ्यावर कुत्र्यांना घाबरायला कारणं भरपूर. थर्टी फर्स्टचे फटाके आहेत, हौसेने आणलेलं पिल्लू बंगल्यावर सोडून जाणारे आहेत. आणि ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा तर पत्रे, कौलं, माडाच्या झावळ्या, सगळंच उडत होतं. मुरूड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यानंतर एक लाल कुत्रा आला. पत्रा वाजला की पळायचा, माणूस दिसला तरी पळायचा. आजीने त्याला कधी बोलावलंच नाही. रोज ठरलेल्या वेळी पडवीपासून वीसेक पावलांवर भात आणि मांदेलीची डोकी ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. मी पुढे सरकलो की ओरडायची, "बाबू, तू त्याच्याकडं बघूच नको. येईल तो त्याच्या पायांनी." आठवड्याला एखादं पाऊल ताटली अलीकडे यायची. मधेच कुणी डबा आपटला की पुन्हा चार पावलं मागे. गणपतीत सुरू झालेलं हे काम शिमग्याला पायरीपर्यंत पोचलं.

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. मुलगा आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. आजीला हे माहीत असायचं कारण नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्टेप इनपुट नको, रॅम्प द्या. आणि फीडबॅक कुत्र्याकडूनच घ्या. त्याला कोपऱ्यात गाठू नका, पळायची वाट मोकळी ठेवा. बाजूला तोंड करून बसा. खाणं टाकायचं ते त्याच्या पलीकडे, म्हणजे खाण्यासाठी त्याला आपल्याजवळ यावं लागत नाही. गंमत म्हणजे त्यामुळेच ते पुढच्या वेळी जास्त जवळ येतं. हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी, तीही छातीपाशी, डोक्यावर नाही. दोन-तीन सेकंदांनी हात काढून घ्या. पुन्हा हवा असेल तर ते स्वतःच पुढे येईल.

"सबमिशनच्या दिवसांत एवढा वेळ कुणाला आहे?" असं होस्टेलवर ऐकू येतं. बरोबर आहे. मग नुसतं बघू नका, त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. त्याला शून्य मिनिटं लागतात.

रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून २०२५ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने वाद घातला. तो वाघ्या खरा की दंतकथा, ते इतिहासकार बघतील. जेट्टीवरचा वाघ्या नक्की खरा आहे. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. चावण्याच्या घटना हे त्यामागचं कारण होतं आणि ते खोटं नाही. पण त्यातली काही कुत्री केवळ भीतीने चावली असणार, आणि ती भीती आपणच घातलेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चावलंच, तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.