दिवा लागतो, पण रस्ता दिसतो का?

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून मलकापूरला घरी आलो, तेव्हा अब्बांची एकच तक्रार होती. आमच्या ट्रकवरचे ड्रायव्हर चाचा रात्रीची खेप घ्यायला तयार होत नव्हते. "वय झालं, नजर कमी झाली," असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चाचांना डोळे तपासायलाही पाठवलं. नंबर होता तोच निघाला.

मग एका रात्री मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं होतं. अप्परवर रस्ता कसाबसा दिसायचा, आणि डिपर मारला की पिवळट उजेड बंपरपुढेच पडून राहायचा. घाटाच्या अलीकडे कापसाने भरलेली ट्रॉली पुढे चालली होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाचांना ती दिसली तेव्हाच मलाही दिसली, आणि मी चौतीस वर्षांचा आहे. ब्रेक लागला, गाडी थांबली. चाचा काही बोलले नाहीत. तपासायला गाडी पाठवायला हवी होती, हे मला तिथे कळलं.

सकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो. गाडी सतरा वर्षांची, २४ व्होल्टची. इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.६ व्होल्ट होते. हेडलाइट लावून बल्बच्या सॉकेटवर मोजले तर २३.६. चार व्होल्ट वाटेतच गेले होते. हॅलोजन बल्बचा हिशोब कडक असतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. आमच्याकडे व्होल्टेज चौदा टक्के कमी होतं, म्हणजे साधारण चाळीस टक्के उजेड गायब.

कारण साधं आहे. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट बॅटरीपासून केबिनमध्ये येतो, डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरतो, मग पुन्हा पुढे बल्बकडे जातो. ७५/७० वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे ६ अँपिअर. नव्या वायरिंगला ते जड नाहीत. पण वर्षानुवर्षांच्या पावसाधुळीत कपलर हिरवे पडतात, स्विचचे पॉइंट जळतात, चेसिसवरची अर्थ गंजते. प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज मरतं.

नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियन उस्तादांना हे माझ्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. "मालक बल्ब बदलून मागतात. वायरिंग कोण मागतं?" ते म्हणाले. दुपारभरात त्यांनी काम केलं. बॅटरीपासून जाड वायर थेट पुढे आणली आणि दोन रिले बसवले, एक अप्परचा, एक डिपरचा. जुना स्विच आता रिलेला फक्त इशारा देतो, दिव्याचा करंट त्यातून जात नाही. दोन्ही दिव्यांची अर्थ नवी घेतली. सामान आणि मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत. बल्ब तेच ठेवून पुन्हा मोजलं तर सॉकेटवर २७ व्होल्ट.

हे काम करून घेणाऱ्यांनी चार गोष्टी बघाव्यात. रिले २४ व्होल्टचाच हवा, १२ व्होल्टचा लावला तर त्याची कॉइल जळते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर वायर कुठे घासली तर आग लागू शकते. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज हवा, म्हणजे घाटात दोन्ही दिवे एकदम जाणार नाहीत. आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं बूच हवंच.

आता मुख्य मुद्दा. दिवे मंद झाले की बहुतेक मालक सोपा रस्ता धरतात. जुन्या हॅलोजनच्या डोममध्ये बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाकतात, किंवा बंपरवर आणि टपावर जादा दिवे लावतात. ड्रायव्हरला वाटतं, उजेड झाला. पण तो डोम हॅलोजनच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. त्या जागी भलताच एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

समोर कोण असतं? मोटरसायकलवर बायको-लेकरांना घेऊन निघालेला माणूस. शेतीची वीज रात्री मिळते म्हणून अंधारात मोटर चालू करायला निघालेला शेतकरी. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे दिपलेल्या माणसाला तीन सेकंद काही दिसलं नाही, तर तो पन्नास मीटर आंधळा चालला. आपली सोय दुसऱ्याच्या डोळ्यांवर उभी राहत असेल तर तिला सुधारणा म्हणू नये. रस्त्यातला दगड उचलून बाजूला टाकणं ही नेकी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकलं. उजेडाचाही दगड होतो.

कायदा यावर गप्प नाही. समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पण आमच्या गाडीच्या मागच्या पासिंगला दिवा पेटतो का, एवढंच पाहिलं गेलं. पेटत होता, पास झाला. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले, त्यांत हेडलाइटची तपासणी यंत्रावर करायची आहे. ती प्रत्येक ट्रकची खरोखर व्हावी, ही मागणी ट्रकमालकांनीच करायला हवी. ट्रकवर आपलीच माणसं बसतात.

जुलै २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याने महिनाभरात दोन मोठे अपघात पाहिले. १ जुलैला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले. २९ जुलैला मलकापूरला दोन बस धडकून सहा जण गेले. दोन्ही अपघात रात्रीचे. त्यांची कारणं वेगळी होती, त्यांचा दोष दिव्यांवर टाकता येणार नाही. पण तेव्हा आपण रस्त्यांवर, सरकारवर, वेगावर बोललो, आणि दारात उभ्या असलेल्या आपल्याच गाडीकडे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

तपासणी येईल तेव्हा येईल. मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गावरच्या गावांत ट्रान्सपोर्टवाल्यांनी आणि मोहल्ल्यातल्या संस्थांनी वर्षातून एक रविवार दिव्यांसाठी ठेवावा. एक मल्टिमीटर, दोन उस्ताद आणि एक सरळ भिंत पुरे. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ट्रकचं हे भरलेल्या गाडीवर पाहायचं, कारण माल भरला की मागचा भाग दबतो आणि दिवे वर बघू लागतात. उस्तादांच्या दिवसाची मजुरी मात्र द्यायची. हुनर त्यांचा आहे, फुकटात मागू नये.

चाचा आता रात्रीची खेप घेतात. घरात ज्यांनी त्यांच्या वयाला दोष दिला होता, त्यांत मीही होतो. सुट्टी संपवून निघायच्या आधी मी त्यांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, मी दोन वर्षांपासून सांगत होतो, दिवे कमी आहेत."