अलार्म वाजला की कुलपेही सुटली पाहिजेत

नवी मुंबईतील सोसायट्यांच्या सभासदांनो आणि कमिटीच्या पदाधिकाऱ्यांनो,

२०२५च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर वाशीच्या सेक्टर १४मधल्या रहेजा रेसिडेन्सीत दहाव्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या दोन मजल्यांवर पोचली. चार जण गेले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. त्याच दिवाळीत कामोठ्यातल्या एका इमारतीत आगीने आई आणि मुलीचा जीव घेतला. अशी वेळ आपल्या इमारतीवर आली तर पहिल्या पाच मिनिटांत नेमके काय होईल, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून हे आवाहन करतो आहे: इमारतीतल्या सुरक्षा यंत्रणा एकमेकींशी जोडून घ्या, आणि पुढची दिवाळी येण्याआधी घ्या.

पाम बीच रोड, घणसोली, खारघर, कुठल्याही टॉवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये रात्री जाऊन बसा. टेबलावर कॅमेऱ्यांचा मॉनिटर, शेजारी इंटरकॉम, व्हिजिटर अ‍ॅपचा मोबाइल, बूम बॅरिअरचा रिमोट. भिंतीवर फायर अलार्मचे पॅनेल. पंपांचे पॅनेल तळघरात. प्रत्येक वस्तू वेगळ्या वर्षी वेगळ्या कंत्राटदाराने बसवलेली, प्रत्येकाची एएमसी वेगळी. दोन वाजता पॅनेलवर ‘झोन ७’चा लाल दिवा लागतो. झोन ७ म्हणजे कुठला मजला, हे लिहिलेला कागद केव्हाच फाटलेला. वॉचमन बझर बंद करतो, कारण धुळीने आणि झुरळांनी तो उगाच वाजल्याचा अनुभव गाठीशी असतो. मग टॉर्च घेऊन लिफ्टने वर जातो. आग खरी असेल तर हा माणूस थेट धुरात उतरतो, आणि खाली गेट उघडायला, वरच्यांना फोन करायला कोणीच उरत नाही. दोष त्याचा नाही. आपण त्याच्या हाती पाच यंत्रे दिली आणि त्या पाचांमधला दुवाही त्यालाच केले.

यंत्रणा जोडलेल्या असतील तर इशारा मिळताच लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारे उघडून उभ्या राहतात. लॉबीची कार्डवर चालणारी मॅग्नेटिक कुलपे आपोआप सुटतात. जिन्यात हवेचा दाब धरणारे पंखे असतील तर ते सुरू होतात आणि धूर बाहेर ठेवतात. बॅरिअर वर जातो. केबिनमधल्या एकाच स्क्रीनवर मजल्याचे नाव येते आणि त्या मजल्यावरच्या लॉबीचा कॅमेरा समोर उघडतो, म्हणजे खरोखर धूर आहे का, हे वर न जाता दिसते. टाकीत पाणी किती आहे आणि फायर पंप ‘ऑटो’वर आहे की कोणी ‘मॅन्युअल’वर टाकून विसरला आहे, हेही तिथेच कळते. हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. मॅन्युअलवरचा पंप अलार्म कितीही वाजला तरी आपणहून सुरू होत नाही.

यात चैनीचे काही नाही. आगीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक कुलपे सुटावीत आणि लिफ्ट खाली याव्यात, ही अपेक्षा २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेतच आहे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकांवर आणि भोगवटादारांवर, म्हणजे आपल्यावर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी द्यावा लागतो तो त्यासाठीच. दुर्दैवाने अनेक ठिकाणी तो फाइलीत लावला की विषय संपतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. सगळे काही एका अ‍ॅपवर आणि इंटरनेटवर टांगणारा प्रस्ताव घेऊन कोणी आले तर सरळ नकार द्या. फायर पॅनेल स्वतःच्या वायरिंगवर आणि स्वतःच्या बॅटरीवर स्वतंत्रच चालले पाहिजे. लिफ्ट, कुलपे आणि पंखे यांना पॅनेलमधून थेट रिलेच्या वायरने आदेश गेला पाहिजे, मग वायफाय असो वा नसो. सॉफ्टवेअर आणि स्क्रीन त्यानंतर. हे वायरचे काम नव्या कॅमेऱ्यांइतके देखणे नाही, पण जीव वाचतो तो त्याच्यावर. कॅमेरे ओएनव्हीआयएफसारखे खुले मानक पाळणारे घ्या, म्हणजे उद्या एका कंपनीच्या दावणीला बांधले जाणार नाही. फुटेज कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, याचा ठरावही लिहून ठेवा.

जोडण्याआधी प्रत्येक यंत्र चालू आहे ना, हे पाहा. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या वांग फुक कोर्ट वसाहतीत आगीने दीडशेहून अधिक माणसे गेली. तिथले अलार्म नीट काम करत नव्हते, असे अग्निशमन खात्यालाच तपासणीत आढळले.

सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत असे पॅनेलच नसते. त्यांनी जिने मोकळे ठेवावेत, गच्चीचे दार आतून सहज उघडेल असे करावे आणि मीटर रूम तपासून घ्यावी.

महापालिकेला, पनवेल महापालिकेला आणि सिडकोलाही विनंती आहे. शहरातले चौक एका नियंत्रण कक्षातून पाहण्याची गरज तुम्हाला पटली आहे. मग फॉर्म बी स्वीकारताना नुसत्या सहीवर थांबू नका, सगळ्या यंत्रणांची एकत्र चाचणी झाल्याचा पुरावा मागा.

आणि सभासदांनो, या रविवारी सचिवांना लेखी पत्र द्या. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. अलार्म वाजल्यावर कोणत्या यंत्राने काय करायचे, याचा एक पानी तक्ता फायर कन्सल्टंटकडून करून घ्या. अलार्म, लिफ्ट, पंप, अ‍ॅक्सेस कंट्रोल आणि कॅमेरे या पाचही कंत्राटदारांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवा. एक डिटेक्टर सगळ्यांसमोर वाजवा, आणि लिफ्ट खाली आली नाही, कुलूप सुटले नाही, तर ते दुरुस्त होईपर्यंत पुढच्या फॉर्म बीसाठी एजन्सीचे बिल मंजूर करू नका.